तिकिटाचा दर आणि शेजारची खुर्ची

रमजान ईदची नमाज झाली, शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या आणि मोठ्यांकडून ईदी हातात पडली, की आपल्या मोहल्ल्यातील पोरांचे पाय कुठे वळत, हे वेगळे सांगायला नको. ईदच्या दिवशी नाही जमले तर बासी ईदला तरी एक सिनेमा ठरलेला असे. आज ईदीची रक्कम वाढली आहे, पण तेवढ्यात मॉलमधल्या थिएटरचे तिकीट येईलच असे नाही. घरातला कर्ता माणूस म्हणतो, "मोबाइलवर बघा की!" आणि विषय तिथेच मिटतो. पण तो खरोखर मिटतो का? थिएटरात जाऊन सिनेमा पाहणे परवडते का, आणि परवडत नसेल तर पैशांखेरीज आपले आणखी काय जाते, याचा थोडा ऐतिहासिक हिशेब इथे मांडायचा आहे.

हा विषय निघाला की आपल्या समाजात दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, सिनेमा हा पैशाचा आणि वेळेचा नास आहे. दुसरे म्हणते, गरिबाला दुसरी करमणूक तरी कोणती? हलाल-हरामचा निवाडा करण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि तो या लेखाचा विषयही नाही. मात्र जी गोष्ट आपला समाज सव्वाशे वर्षे करीत आला, तिच्यासाठी त्याने काय मोजले आणि त्याला काय मिळाले, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. तेवढेच आम्ही करणार आहोत.

एक रुपया ते चार आणे

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. तिकीट होते एक रुपया. त्या काळी गिरणी कामगाराचा महिन्याचा पगार दहा-पंधरा रुपयांच्या घरात होता. दोन-तीन दिवसांची मजुरी देऊन काही मिनिटांची चित्रे पाहायला कोण जाणार? ज्यांना परवडत होते ते गेले. पण आठवड्याच्या आतच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले आणि तिथे तिकिटांचे वेगवेगळे दर लागले. सर्वांत स्वस्त जागा चार आण्यांची आणि सर्वांत महाग दोन रुपयांची होती. परदानशीन स्त्रिया आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी स्वतंत्र बॉक्स राखल्याची जाहिरातही झाली.

या एका जाहिरातीत पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज आहे, असे आम्हाला वाटते. सिनेमा या देशात येऊन महिनाही झाला नव्हता, तोवर त्याच्या मालकांना दोन गोष्टी उमगल्या होत्या. दर उतरवल्याशिवाय गर्दी होत नाही, आणि बायकांना इज्जतीने बसायला जागा दिल्याशिवाय कुटुंब येत नाही. आजचा आपला प्रश्नही याच दोन गोष्टींभोवती फिरतो.

दादासाहेब फाळक्यांनाही हाच धडा मिळाला. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि चालला. पण सुरतेत पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमल्याचे सांगितले जाते. तिथल्या माणसाला दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय होती. तो तीन आणे देऊन दीड तासाचा सिनेमा कशाला पाहील? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचे चित्र, तेही फक्त तीन आण्यांत! गिऱ्हाईक हिशेबी आहे म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला नाही, त्याच्याच भाषेत त्याला हिशेब करून दाखवला. पैसे वसूल होतात की नाही हा प्रश्न आपल्या सिनेमाइतकाच जुना आहे आणि तो विचारणारा माणूस अडाणी नव्हता, हे यावरून दिसते.

पिटातील माणसे

१९२७-२८ साली इंग्रज सरकारने सिनेमाच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. टी. रंगाचारियर तिचे अध्यक्ष होते, आणि सदस्यांत पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर होते. थिएटरांतील स्वस्त जागा तेव्हा साधारण दोन ते चार आण्यांच्या होत्या. पडद्याला नाक लावून बसायचे, बहुतेक ठिकाणी लाकडी बाकावर, काही ठिकाणी चक्क जमिनीवर. या जागेला कुठे पिट म्हणत, कुठे थर्ड क्लास. वर बाल्कनीत वकील-डॉक्टर आणि खाली पिटात हमाल, विणकर, टांगेवाले, गिरणी कामगार. दारे वेगवेगळी आणि खुर्च्याही वेगवेगळ्या, पण पडदा मात्र एकच. वरच्याला जो सिनेमा दिसे तोच खालच्याला दिसे, आणि शिट्टी आधी खालून येई.

मुंबईच्या ग्रँट रोडजवळचा पिला हाऊस हा या पिटाचा जणू मोहल्लाच होता. 'प्ले हाऊस' या शब्दाचे लोकांच्या जिभेवर झालेले हे रूप. पारशी कंपन्यांची उर्दू नाटके जिथे होत, तिथेच पुढे आल्फ्रेड, रॉयल, गुलशन, निशात अशी थिएटरे सिनेमे दाखवू लागली. नाटकाचा प्रेक्षक उठून सिनेमाला आला आणि येताना नाटकाची भाषाही घेऊन आला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा 'आलमआरा' लागला, तो जोसेफ डेव्हिड यांच्या अशाच एका नाटकावर बेतलेला होता. पडद्यावरचा माणूस प्रथमच बोलला, आणि तो आपल्या कानाच्या ओळखीची हिंदुस्तानी बोलला. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेल्याचे सांगतात. आज या चित्रपटाची एकही प्रत शिल्लक नाही. पण त्या दिवशी काळ्या बाजाराने तिकीट घेणाऱ्याला सौदा महाग वाटला असेल, असे आम्हाला वाटत नाही.

पिटातल्या आपल्या माणसाला त्या चार आण्यांत नेमके काय मिळत होते? करमणूक तर मिळतच होती, पण एक भाषाही मिळत होती. ज्याला अलिफ-बे येत नव्हते त्याच्या कानावर वजाहत मिर्झा, कमाल अमरोही यांचे संवाद आणि शकील, मजरूह, साहिर, कैफी यांची गाणी पडत होती. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरात 'मुगल-ए-आझम' लागला, तेव्हा तिकिटासाठी लोकांनी दिवस-दिवस रांगा लावल्या. त्या रांगेतील किती जणांना उर्दू वाचता येत होते? तरी ते संवाद त्यांना तोंडपाठ झाले. उर्दू शाळेत शिकवताना आम्हाला याचा पुरावा आजही मिळतो. ज्या पालकांनी कधी उर्दूची पाटी धरली नाही, त्यांच्या बोलण्यात एखादा अस्सल शब्द येतो आणि तो कुठून आला असे विचारले, की उत्तर सिनेमाचे मिळते. ज्या मदरशात फी चार आणे होती आणि हजेरी घेतली जात नव्हती, त्याला टॉकीज म्हणत, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

खेड्यापाड्यांत ही टॉकीज चालत येई. महाराष्ट्राच्या जत्रांतून आणि उरुसांतून तंबूचा सिनेमा फिरे. ट्रकवर प्रोजेक्टर, कापडाचा पडदा, जमिनीची बैठक. दर्ग्यावर चादर चढवून आलेला माणूस आणि देवीचा नवस फेडून आलेला माणूस एकाच तंबूत मांडीला मांडी लावून बसत. या फिरत्या टॉकीजांच्या अखेरच्या दिवसांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. त्याला तिथे दाद मिळाली, पण इकडे तंबू मिटत चालले होते.

इज्जतीचा खर्च

आता दुसऱ्या खर्चाकडे वळू. हा खर्च खिशातून जात नाही, पण आपल्या समाजाने तो नेहमी मोजला. तो इज्जतीचा खर्च.

नौशादसाहेब एक किस्सा सांगत असत. त्यांचे लग्न ठरले तेव्हा मुलीकडच्यांना नवरदेव मुंबईत दर्जी असल्याचे सांगण्यात आले. संगीतकार म्हटले असते तर सोयरीक मोडली असती. आणि वरातीत बँडवाले गाणी वाजवीत होते ती नौशादांचीच! देवळालीत राहिलेल्या युसुफखानाने 'ज्वार भाटा'तून १९४४ साली पडद्यावर पाऊल टाकले ते दिलीपकुमार या नावाने. वडिलांच्या नाराजीची धास्ती होती, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. सिनेमात काम करणाऱ्यांची ही कथा, तर पाहणाऱ्यांची काय असेल? घरी 'दोस्ताकडे अभ्यासाला जातो' म्हणून सांगून मॅटिनीला गेलेली आणि दारात ओळखीचे चाचा दिसताच रुमालाने तोंड पुसू लागलेली पिढी अजून हयात आहे.

पण मुलग्यांना निदान खोटे बोलण्याची सोय होती, मुलींना तीही नव्हती. १८९६ सालच्या त्या परदा-बॉक्सनंतर जनाना वर्ग आले, फक्त स्त्रियांसाठी खेळ झाले. कुठे आईने शेजारणींबरोबर, तर कुठे खालाने भाच्यांना घेऊन एखादा 'मेरे महबूब' पाहिला. पण हा अपवादच. ज्या समाजातून १९२६ साली फातमा बेगमने 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला आणि देशातील पहिली स्त्री दिग्दर्शक होण्याचा मान मिळवला, ज्या फातमाची मुलगी झुबेदा 'आलमआरा'ची नायिका झाली, त्याच समाजातील लाखो स्त्रियांनी थिएटरचा दरवाजा रस्त्यावरूनच पाहिला. पिटाचा कितीही गौरव केला, तरी तो पुरुषांचा पिट होता ही गोष्ट आपण झाकू नये. शिट्ट्या, धक्काबुक्की, विडीचा धूर. तिथे बाईला जागा नव्हती, आणि बाल्कनीचे पैसे नवरा देत नव्हता.

मालेगावचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. फाळके ज्या नाशिक जिल्ह्याचे, त्याच जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे गाव. जुम्म्याला लूम बंद असतात, हातात आठवड्याची कमाई असते आणि थिएटरवर झुंबड उडते. याच गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली सुमारे पन्नास हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' तयार केला. कलाकार गावचे आणि प्रेक्षकही गावचेच. मुंबईचा महागडा सिनेमा यंत्रमागवाल्यांनी आपल्या ऐपतीत बसवला. त्यांच्या या धडपडीवर फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला, आणि पुढे २०२५ साली 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' नावाने चित्रपटही आला. पण त्याच माहितीपटात दिसते की नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. गावातील मुलगी पडद्यावर येत नव्हती आणि पडद्यासमोरही क्वचितच येत होती. गावाने सिनेमा स्वस्त करून दाखवला, पण अर्ध्या गावाला तो मिळाला नाही.

कर कोणाला, माफी कोणाला

तिकीट महागले ते काही केवळ मालकांच्या लोभाने नाही. मुंबई इलाख्यात १९२३ साली करमणूक कराचा कायदा झाला आणि तेव्हापासून सरकारने सिनेमाला दुभती गाय मानले. महाराष्ट्रात हा कर पुढे मूळ दरावर ४५ टक्क्यांपर्यंत गेला. तिकडे १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले, ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि नव्वदीत केबल घरोघर पोहोचली. घरबसल्या सिनेमा मिळू लागल्यावर वरच्या वर्गाने थिएटर सोडले. जुन्या टॉकीजमध्ये पिटातला माणूस तेवढा उरला. त्याच्या चार पैशांवर खुर्च्या दुरुस्त होईनात, पंखे फिरेनात, मुताऱ्या धुतल्या जाईनात. मग कुटुंबे आणखी लांब गेली.

१९९७ साली दिल्लीत साकेतला पहिले मल्टिप्लेक्स उघडले. महाराष्ट्र सरकारने २००१ साली अशा बहुपडदा थिएटरांना करमणूक करात भरघोस सवलत दिली. पहिली तीन वर्षे पूर्ण माफी आणि पुढची दोन वर्षे पाव कर. नवी गुंतवणूक यावी हा हेतू असेल, पण परिणाम काय झाला ते पाहा. शंभर-दीडशे रुपयांच्या तिकिटावर कर माफ, आणि मोहल्ल्यातल्या पडक्या टॉकीजच्या वीस रुपयांच्या तिकिटावर मात्र पुरा कर! ज्याच्या पायात बूट होते त्याला सतरंजी अंथरली, अनवाणी चालणाऱ्याला काटे. पुढे १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के कर आहे. कागदावर ही गरिबाची बाजू घेणारी रचना आहे. पण मोठ्या शहरांत शनिवार-रविवारी शंभर रुपयांच्या आतले तिकीट शोधायचे तर कंदील घेऊन निघावे लागेल.

आजचा हिशेब

आता आकडे समोरासमोर ठेवू. मुंबईच्या मजूर खात्याने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. त्यात कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये निघाले. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले, तर दिवसाला दोन रुपये. चौघांनी चार-चार आण्यांच्या जागी बसून सिनेमा पाहिला तर खर्च एक रुपया, म्हणजे कुटुंबाची अर्ध्या दिवसाची कमाई.

देशातील सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स कंपनीचे २०२३-२४ या वर्षातील सरासरी तिकीट सुमारे २५९ रुपयांचे होते, आणि खाण्यापिण्यावर माणशी आणखी सुमारे १३२ रुपये खर्च होत होता. चौघांचे तिकीट आणि खाणे मिळून साधारण १,५६० रुपये होतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे एका मजुराची पाच दिवसांची मजुरी. नवरा-बायको दोघे कामावर जातात असे धरले तरी अडीच दिवसांची. रिक्षाचे भाडे अजून धरलेले नाही. जिथे अर्धा दिवस लागत होता तिथे आता अडीच दिवस लागतात. तालुक्याच्या गावी जुन्या पडद्यावर दर यापेक्षा बरेच कमी आहेत, हे खरे आहे. पण तसे पडदे वर्षागणिक कमी होत चालले आहेत.

घरचा डबा न्यावा तर तीही मुभा नाही. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा अधिकार थिएटरमालकाला आहे. मात्र पिण्याचे पाणी त्याने फुकट द्यावे, आणि तान्ह्या मुलाचे खाणे अडवू नये. कायदा म्हणून निर्णय योग्य असेलही. पण मध्यंतरात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी चौघांत वाटून खाणाऱ्या कुटुंबाला त्यातून एक निरोप मिळाला: ही जागा तुमच्यासाठी नाही.

उलट बाजूला मोबाइल आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. महिनाभर हवे तेवढे सिनेमे दाखवणारी योजना एका तिकिटापेक्षा कमी पैशांत मिळते. निव्वळ रुपयांच्या हिशेबात मोबाइल जिंकला, यात वाद नाही. त्यातच कोविडच्या काळात मार्च २०२० पासून थिएटरे बंद राहिली. मधले काही महिने ती निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. तोवर लोकांची सवय मोडली होती.

पण माणसांना थिएटर नकोसे झाले आहे, हे म्हणणे मात्र खोटे आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय सिनेमा दिनानिमित्त देशभर अनेक थिएटरांत तिकीट ७५ रुपये ठेवले गेले. त्या एका दिवशी सुमारे ६५ लाख लोक आल्याचे मल्टिप्लेक्सवाल्यांच्या संघटनेने जाहीर केले. पुढच्या वर्षी ९९ रुपयांतही साठ लाखांवर लोक आले. मुंबईच्या मराठा मंदिरात 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' १९९५ पासून चालला आणि २०२५ साली त्याला तीस वर्षे झाली, ते काही कोणाला तो सिनेमा टीव्हीवर दिसत नव्हता म्हणून नाही. शेजारी मुंबई सेंट्रल स्टेशन आणि एस.टी.चा डेपो, तिकीट थोडक्या रुपयांत, आणि आत शेकडो अनोळखी माणसांबरोबर हसण्याची सोय. लोकांना काय हवे आहे ते लोकांनीच दाखवून दिले आहे.

आणखी एक गोष्ट कडू असली तरी लिहिली पाहिजे. मल्टिप्लेक्सने आपल्या स्त्रियांना जे दिले, ते पिटाने दिले नव्हते. स्वच्छ मुतारी, उजेडाचा जिना, नंबराची खुर्ची, धक्काबुक्की नाही. आज बुरखा घातलेल्या मुली मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये सिनेमा पाहायला जाताना दिसतात. त्यांच्या आजीला हे शक्य नव्हते. म्हणून जुने ते सारे सोने असे म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. चार आण्यांनी पुरुष आत घेतला आणि बाई बाहेर ठेवली. अडीचशे रुपयांनी बाई आत घेतली आणि गरीब बाहेर ठेवला.

मग जावे की नाही?

आमच्या मते प्रश्न 'परवडते का' असा नसून 'कोणाला परवडते आणि शेजारी कोण बसते' असा आहे. तिकिटाचा दर ठरला की शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार हेही ठरते.

हे शेजारी बसणे कशासाठी महत्त्वाचे, ते प्रभातच्या एका चित्रपटावरून सांगता येईल. व्ही. शांताराम यांनी १९४१ साली मराठीत 'शेजारी' आणि हिंदीत 'पडोसी' काढला. दोन म्हाताऱ्या जिवलग मित्रांची, एका हिंदूची आणि एका मुसलमानाची ही कथा. धरणाच्या कंत्राटदाराच्या कारस्थानाने त्यांच्यात वितुष्ट येते, आणि शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे हातात हात घालून जातात. हिंदी आवृत्तीत मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली आणि हिंदू मित्राची मजहर खान यांनी. फाळणीला सहाच वर्षे उरली होती. तो चित्रपट एकट्याने खोलीत पाहणे आणि ज्याच्याशी उद्या भांडण होऊ शकते त्याच्या शेजारी बसून पाहणे, या दोन्हींत फरक आहे. अंधारात शेजारचा माणूस डोळे पुसतो तेव्हा त्याचा धर्म दिसत नाही.

याची दुसरी बाजूही अलीकडे दिसली. २०२२ नंतर काही चित्रपटांच्या खेळानंतर थिएटरातच एका समाजाविरुद्ध घोषणा दिल्या गेल्याच्या चित्रफिती साऱ्या देशाने पाहिल्या. अशा वेळी आपल्या माणसाने तिकीट काढताना दहादा विचार केला तर त्याला दोष कसा द्यावा? पैसे मोजून अपमान कोण विकत घेईल? पण म्हणून आपण थिएटरच सोडले, तर त्या अंधारात फक्त घोषणा देणारेच उरतील. आपली खुर्ची रिकामी राहिली की आपल्याविषयी काहीही सांगणे आणखी सोपे होते.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक शुक्रवारी प्रत्येक सिनेमाला जावे, असे कोणी सांगत नाही. घरात आजारपण आहे, मुलांची फी बाकी आहे, तर सिनेमा नंतर. पण वर्षातून दोन-तीनदा, चांगला चित्रपट निवडून, आठवड्यातला स्वस्त दिवस पाहून, बायको-मुलींना घेऊन थिएटरात जाणे हा उधळेपणा नव्हे. एकट्या पुरुषाने चारदा जाण्याऐवजी चौघांनी एकदा जावे. पैसे तेवढेच लागतील, पण घरातल्या मुलीला तिच्या आजीला न मिळालेली जागा मिळेल.

दुसरी गोष्ट मागणीची. प्रत्येक खेळाला काही रांगा शंभर रुपयांच्या आत ठेवाव्यात, ही मागणी आपण सर्व समाजांच्या लोकांबरोबर मिळून केली पाहिजे. करात सवलत द्यायचीच असेल, तर ती अशा रांगांना आणि तालुक्याच्या जुन्या टॉकीजना द्यावी. २००१ साली जे श्रीमंत पडद्यासाठी करता आले, ते गरीब पडद्यासाठी का करता येऊ नये?

तिसरी गोष्ट आपल्या हातची आहे. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला आणि गावोगावच्या मंडळांनी एखाद्या सभागृहात चांगले सिनेमे दाखवण्याची परंपरा निर्माण केली. आपल्या किती वस्त्यांत असे मंडळ आहे? शाळांना सभागृहे आहेत, वाचनालयांना हॉल आहेत, प्रोजेक्टर आता दुर्मीळ राहिलेला नाही. रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एक रविवार 'गर्म हवा', 'शेजारी', 'बाजार' असे चित्रपट दाखवावेत. स्त्रियांना पुढच्या रांगा द्याव्यात, आणि शेजारच्या वस्तीलाही आमंत्रण धाडावे. तिकीट दहा रुपये ठेवले तरी वीजबिल निघेल. सिनेमा संपल्यावर दिवे लावून अर्धा तास त्यावर बोलावे. पहिल्या महिन्यात वीस माणसे येतील, त्यांत बायका पाचच असतील. तरीही दुसऱ्या महिन्याची तारीख त्याच दिवशी जाहीर करावी.